अंगावर काढलेली दुखणी

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेत माझ्यासारखीला बोलावणे आले, याचे मला प्रथम आश्चर्यच वाटले. आजवर या व्यासपीठावरून कवी बोलले, समीक्षक बोलले, इतिहासाचे अभ्यासक बोलले. मी त्यांपैकी कोणीच नाही. मी डॉक्टरही नाही. चाळीस वर्षे या ग्रंथालयाची सभासद आणि निवृत्तीनंतर कर्करोगाच्या स्त्री-रुग्णांना रुग्णालयात सोबत करणाऱ्या पाच-सहा बायकांच्या एका लहानशा गटातील एक, एवढीच माझी ओळख. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला की, "तुम्ही जे पाहता, तेच सांगा." त्यांच्या शब्दाला मान देऊन मी आज बेज्जूरविषयी आणि तिकडून हैदराबादेस उपचारांसाठी येणाऱ्या स्त्रियांविषयी चार शब्द सांगणार आहे.

बेज्जूर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. काझीपेठहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिरपूर कागजनगर हे स्थानक लागते. तेथे उतरून बसने जंगलातील रस्त्याने गेले की बेज्जूर येते. त्याच्याही पलीकडे प्राणहिता वाहते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली ही नदी. तिच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. बेज्जूर २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या वर्षी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. आपल्या जुन्या सभासदांना आठवत असेल की, १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा याच आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले गेले, आणि बेज्जूरचा भाग इकडे राहिला. नकाशावर रेघ उमटली. पण नदीच्या दोन्ही तीरांवरील रोटी-बेटीचे व्यवहार काही थांबले नाहीत. आजही त्या भागात तेलुगू, गोंडी आणि मराठी अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात.

काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका खेड्यातून एक बाई येथे आली. वय चाळिशीच्या आसपास, घरी चार मुले, घरची बोली मराठी. दीड वर्ष तिच्या अंगावरून अवेळी रक्त जात होते. ते तिने अंगावर काढले. आपल्या भाषेत 'दुखणे अंगावर काढणे' असा जो वाक्प्रचार आहे, त्यात कौतुकाची एक छटा असते. सोसणारी बाई ती चांगली, असा काहीसा त्याचा ध्वनी आहे. या चांगुलपणाची किंमत काय पडते, ते मी तेव्हा प्रथम जवळून पाहिले. तपासणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, आणि तोही तिसऱ्या पायरीवर गेलेला.

शासकीय योजनेच्या कार्डामुळे उपचारांचा खर्च माफ झाला. आमच्या गटाने राहण्या-जेवणाची आणि प्रवासखर्चाची तजवीज केली. किरणोपचार सुरू झाले. दहा-बारा दिवसांत रक्तस्राव थांबला, आणि एका शनिवारी ती नवऱ्याबरोबर गावी निघून गेली. कापूस वेचणीचे दिवस होते. आम्ही वाट पाहिली. चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा रोग फार पसरला होता, आणि पुढे करण्यासारखे फारसे उरले नव्हते. मी तिला विचारले, "मधेच का गेलीस गं?" ती म्हणाली, "रगत थांबलं ताई, मले वाटलं बरी झाली. कोनी सांगतलंच नाही."

तिला दिलेल्या कागदावर सर्व काही लिहिलेले होते. तो कागद इंग्रजीत होता. तोंडी सूचना तेलुगूत दिल्या गेल्या होत्या. बाजारहाटापुरती तेलुगू तिला येत असे, पण दवाखान्यातील तेलुगू तिच्या ओळखीची नव्हती. या रोगात किरणोपचाराचे पहिले काही दिवस गेले की रक्तस्राव बहुधा थांबतो. परंतु रोग गेलेला नसतो, आणि उपचार मधेच तुटले की ते पूर्ण होण्याची संधी पुष्कळदा हातची जाते. ही गोष्ट तिच्याच बोलीत सांगणे हे रुग्णालयाचे काम होते, असे म्हणून मला स्वतःची सुटका करून घेता आली असती. पण तिच्याजवळ रोज बसणाऱ्या, तिची भाषा बोलणाऱ्या आम्हीच होतो. आम्ही पैसे जमवले, डबे पोचवले, आणि ही एक गोष्ट सांगायची राहिली. मला स्वतःलाच ती तेव्हा ठाऊक नव्हती.

त्या प्रसंगानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. जे वाचले त्याने मन अधिकच अस्वस्थ झाले, कारण हा रोग टाळता येण्याजोगा आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ सर्व प्रकरणांत ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग पुष्कळ स्त्रियांना होतो आणि बहुतेकींच्या बाबतीत तो आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्या गर्भाशयमुखावरील पेशी हळूहळू बदलतात, आणि त्या बदलांचा कर्करोग होण्यास साधारणतः दहा ते वीस वर्षे लागतात. निसर्गाने इतकी मोठी मुदत फार थोड्या रोगांत दिली आहे. या मुदतीत बदललेला भाग सापडला, तर तो गोठवून अथवा उष्णतेने नष्ट करता येतो. बहुतेकदा पोटावर छेद घ्यावा लागत नाही, आणि बाई त्याच दिवशी घरी जाऊ शकते. असे असूनही, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला, आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. स्तनाच्या कर्करोगाचे आकडे याहूनही मोठे आहेत.

आता एक गोष्ट मी आपणांस विशेषेकरून सांगू इच्छिते. खेड्यातील स्त्रियांना या रोगापासून वाचवता येते, याचा जगातील एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच मराठी मुलखातून आलेला आहे. बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथे अश्विनी ग्रामीण कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी या संस्थेचे काम आणि नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले. त्यामागे डॉ. बी. एम. नेने यांचे परिश्रम होते. १९८७ साली बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरांवर चालते. खेड्यात ते शक्य नव्हते, कारण पुष्कळ रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. कोणाला गाठ आली आहे का, कोणाच्या अंगावरून अवेळी रक्त जाते का, अशी विचारपूस करताना ते लोकांशी रोगाच्या लक्षणांविषयी बोलत, आणि संशय आल्यास तपासणीसाठी बार्शीस येण्याची गळ घालत.

पुढे डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की, काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या पायरीवर असताना येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले होते. त्यांचा हा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. गावोगाव चाचणीची मोहीम नव्हती, नवे यंत्र नव्हते. विश्वासाचा माणूस पुन्हापुन्हा घरी येऊन बोलत होता, एवढेच घडले होते. ग्रंथालयाच्या सभासदांपुढे मी हे मुद्दाम सांगते, कारण शब्दाच्या सामर्थ्यावर आपण पिढ्यानपिढ्या व्याख्याने ऐकत आलो आहोत. त्या सामर्थ्याचा मोजून घेतलेला दाखला इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळतो.

याच बार्शीच्या मंडळींनी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा प्रयोग हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची म्हणजे पॅप चाचणी आणि तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरमध्ये असते तेच, लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. चौथ्या गटात जी नेहमीची आरोग्यसेवा उपलब्ध होती, तीच. कार्यकर्त्या घरोघर गेल्या, प्रशिक्षित परिचारिकांनी तपासण्या केल्या, आणि बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया आल्या. 'आमच्या बायका लाजतात, त्या येणार नाहीत' असे जे आपण सहज बोलून जातो, त्याला मराठवाड्याच्या या स्त्रियांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात फक्त एकदा विषाणूची चाचणी ज्या गटात झाली, त्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. ज्या गटात कोणतीच चाचणी नव्हती, त्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी दगावल्या. म्हणजे एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. अन्य दोन तपासण्यांचा एका फेरीत एवढा परिणाम दिसला नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांत केलेल्या दुसऱ्या प्रयोगात काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच कार्यकर्त्यांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीवरील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा परिणाम आढळला नाही. चांगल्या संशोधकांनी आपल्या कामाची मर्यादाही सांगितली, हे लक्षात ठेवावे.

बंधुभगिनींनो, त्या चौसष्ट जणींपाशी मी नेहमी थांबते. ज्या स्त्रियांना चाचणी द्यायची नाही असा गट ठेवणे योग्य होते का, यावर पुढे जाणकारांत कडक वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे की, हा रोग टाळता येतो हे जगाला आधीच ठाऊक होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, त्या भागात चाचणी मुळी कोणालाच मिळत नव्हती, आणि खेड्यात काय शक्य आहे हे तपासल्यावाचून कोणतेही शासन पैसा घालणार नव्हते. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. मला एवढेच कळते की, हा पुरावा ज्यांच्या जिवावर उभा राहिला त्या आपल्या आयाबहिणी होत्या, आणि त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे त्यांच्यामुळे जे कळले ते इतर स्त्रियांपर्यंत पोचवणे. ते किती पोचले? केंद्र शासनाने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानंतर झालेल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया देशभरात अवघ्या १.९ टक्के निघाल्या. स्तनतपासणी झालेल्या तर एक टक्काही नव्हत्या. उस्मानाबाद आणि आदिलाबाद हे एके काळी एकाच हैदराबाद राज्यातील दोन जिल्हे होते. उस्मानाबादच्या बाईने जे जगाला शिकवले, ते बेज्जूरच्या बाईपर्यंत यावयाचे अजून पुष्कळसे बाकी आहे.

येथे स्वयंसेवी कार्याचा प्रश्न येतो. आपल्या देशात कर्करोगसेवेचा पाया पुष्कळसा लोकांच्या देणगीवर आणि कळकळीवर घातला गेला आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. मद्रासेत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी बहिणीचा कर्करोगाने झालेला मृत्यू पाहिला होता. त्यांच्या प्रेरणेने आणि वीमेन्स इंडियन असोसिएशन या स्त्रियांच्या संस्थेच्या बळावर १९५४ साली अड्यार येथे १२ खाटांचे कर्करोग रुग्णालय उघडले. आपल्या हैदराबादेतील बसवतारकम रुग्णालय हेही नफा न घेणाऱ्या संस्थेचे आहे. या सर्वांचे उपकार मोठे आहेत. परंतु रुग्णालय शहरात असते आणि रोगाचा आरंभ बेज्जूरच्या घरात होतो. मधली वाट कोणी चालायची?

ही वाट स्त्रियांनी स्त्रियांशी बोलूनच खुली होते, याचा दाखला बेज्जूरपासून नदीपलीकडेच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. हा अभ्यास कर्करोगाचा नव्हता. परंतु कोणी विचारत नाही म्हणून बाई सांगत नाही, आणि बाई सांगत नाही म्हणून कोणी विचारत नाही, हे चक्र त्याने उघडे केले. आपल्याकडे 'पांढरे जाणे', 'पिशवीचे दुखणे' असे शब्द बायका खालच्या आवाजात एकमेकींपाशीच बोलतात. त्या शब्दांतूनच डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी ऐकायला शिकले पाहिजे.

अर्धवट शब्द मात्र घातक ठरतो, हेही सांगितले पाहिजे. 'पिशवीला कॅन्सर होईल' अशी भीती घालून तरुण स्त्रियांचे गर्भाशय गरज नसताना काढण्याचे प्रकार आपल्या दोन्ही राज्यांत झाले आहेत. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांत आंध्र प्रदेश आणि तेलंगण यांची गणना होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांची महाराष्ट्र शासनास २०१९ साली चौकशी करावी लागली. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तपासणीत थोडा बदल आढळला म्हणजे पिशवी काढावी लागते असे नव्हे. जनजागृती करणाऱ्याने ही दोन वाक्ये आधी पाठ करावीत.

दुसरी सावधगिरी संमतीची. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात या विषाणूच्या लशीचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने झाला. १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना लस दिली गेली. त्यांत वसतिगृहातील आदिवासी मुलीही पुष्कळ होत्या. काही मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. परंतु अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या, हे उघड झाले. लस चांगली आहे. सिक्कीमने २०१८ साली शाळांतून ती जवळजवळ सर्व पात्र मुलींना दिली, आणि पुण्याच्या सीरम संस्थेने बनवलेल्या भारतीय लशीस २०२२ साली परवानगी मिळाली. पण खम्ममच्या प्रसंगाने बसलेला अविश्वास ओसरायला फार काळ लागला. गरीब आईबापांना विचारण्याचा वेळ ज्यांना वाचवावासा वाटतो, त्यांनी सेवेच्या नावाने वर्षे गमावलेली असतात.

आता माझ्या अल्प अनुभवातून जे उमजले ते सांगते. बेज्जूरची बाई चार ठिकाणी हातची निसटते. पहिले ठिकाण तिचे घर, जिथे ती दुखणे अंगावर काढते. दुसरे, तपासणी आणि तिचा निकाल यांमधले दिवस. शिबिर होते, फोटो निघतात, मंडळी परत जातात, आणि जिच्या तपासणीत दोष निघाला तिला कळवायला कोणी जात नाही. निकाल पोचवण्याची आणि उपचारांची व्यवस्था आधी नसेल, तर शिबिर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरे ठिकाण उपचारांचा मध्य, जिथे आमची ती भगिनी निसटली. आणि चौथे, उपचार संपल्यानंतरचे दिवस, जेव्हा फेरतपासणीसाठी यावे लागते, किंवा रोग बरा होणारा नसेल तर वेदना कमी करणारी औषधे मिळावी लागतात. या चारही ठिकाणी यंत्रापेक्षा माणूस अधिक लागतो, आणि तो पुन्हापुन्हा येणारा लागतो.

सीमेची अडचण निराळीच. उपचारांची योजना ज्या त्या राज्याच्या कार्डावर चालते. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा २०२३ च्या डिसेंबरात दहा लाख रुपयांपर्यंत वाढली, ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु माहेर नदीपलीकडे आणि सासर अलीकडे असलेली बाई आजारपणात माहेरी जाते. तिथे नागपूर जवळचे, पण तिचे कार्ड हैदराबादचे. कोणत्या कागदावर कोठे उपचार मिळतील, हे तिला घरून निघण्यापूर्वीच कोणी समजावून दिले, तर दोन-तीन आठवडे आणि कर्जाचे काही हजार रुपये वाचतात. हे काम कोणत्याही लिहित्या-वाचत्या माणसाला करता येईल.

त्या भगिनीच्या मृत्यूनंतर आमच्या गटाने एक साधा कागद तयार केला. त्यावर पंचवीस चौकोन आहेत, कारण बाहेरून द्यायचे किरण साधारणतः पंचवीस दिवस असतात. त्यांच्याखाली आतून द्यायच्या किरणांसाठी काही गोल आहेत. रोज उपचार झाला की एका चौकोनात फुली करायची. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही किती झाले आणि किती राहिले, हे दिसते. वर मराठीत आणि तेलुगूत ठळक अक्षरांत एकच वाक्य आहे: 'रक्त थांबले तरी रोग गेलेला नसतो, सर्व घरे भरेपर्यंत जायचे नाही.' पहिल्या दिवशी तो कागद आम्ही नवरा-बायको दोघांनाही वाचून दाखवतो, आणि बाईकडून तिच्या बोलीत परत वदवून घेतो. वेचणीचे दिवस असले तर शेताचे काय करायचे, मुलांना कोण पाहील, याचेही बोलणे त्याच दिवशी होते. या कागदाने सर्वजणी राहतात असे नाही. पण जाण्यापूर्वी पुष्कळजणी आम्हांला विचारतात, आणि विचारले की बहुधा मार्ग निघतो.

आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे परभाषिक मुलखात मराठी शब्द जतन केला. शताब्दीच्या या प्रसंगी माझी आपणांस दोन कामांची विनंती आहे. पहिले असे की, स्त्रियांच्या कर्करोगाविषयी सोप्या मराठीत आणि तेलुगूत, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली एक लहान पुस्तिका ग्रंथालयाने काढावी, आणि ती येथील कपाटात न ठेवता बेज्जूर, सिरपूर, आसिफाबादकडच्या आशा कार्यकर्त्या आणि शिक्षिकांच्या हाती द्यावी. दुसरे असे की, मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषा अवगत असलेले जे सभासद आहेत, आणि असे येथे निम्म्याहून अधिक असतील, त्यांनी महिन्यातून दोन दुपारी रुग्णालयात दुभाषी म्हणून बसावे. त्यासाठी वैद्यकशास्त्र यावे लागत नाही. डॉक्टर जे सांगतात ते बाईच्या बोलीत सांगायचे, आणि बाई जे सांगते ते न गाळता डॉक्टरांना सांगायचे. एवढेच काम आहे, पण ते नियमाने केले पाहिजे.

 दुभाष्यांची नावे लिहून घेण्यासाठी एक वही मी बाहेर देवघेव विभागाच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर माझे नाव लिहिले आहे. त्याखालच्या ओळी कोऱ्या आहेत.